पोपटाच्या कानात, द्रौपदीच्या तोंडून

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की छत्तीसगडात रायपूरच्या वस्त्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून बायकांचे घोळके निघतात. एकीच्या डोक्यावर बांबूची टोपली. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट, बहुतेकदा पोपटांची जोडी, वरून फडकं झाकलेलं. अंगणात टोपली ठेवायची, फडकं बाजूला करायचं आणि तिच्याभोवती कमरेत वाकून, टाळ्या वाजवत, गोल फिरत गायचं. ढोलकी नाही, पेटी नाही, ताल टाळ्यांचा. गाणं झालं की घरची बाई तांदूळ किंवा धान घालते, हल्ली नोटाही देते. जमलेल्या शिध्यातून आणि पैशांतून दिवाळीच्या सुमारास गौरा-गौरीचं, म्हणजे शंकर-पार्वतीचं, लग्न लागतं. या गाण्यांना तिकडे सुआ गीत म्हणतात. सुआ म्हणजे पोपट.

सरकारी माहितीपत्रकांत याची नोंद 'लोकनृत्य' म्हणून असते आणि संचलनात हिरव्या-लाल साड्यांतल्या मुली ते झोकात करूनही दाखवतात. पण शब्दांकडे कान दिला तर नाच मागे पडतो. नवरा परमुलखात गेलाय, सासू बोल लावते, माहेरचं कुणी न्यायला येत नाही, पुढच्या जन्मी देवा बाईचा जन्म नको, असं सगळं त्या पोपटाला सांगितलं जातं. पोपटच का? एक तर तो उडून निरोप नेऊ शकतो. दुसरं म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवतो, पदरचं काही घालत नाही. घरात ज्यांच्याविषयी बोलायची सोय नसते, त्यांच्याच अंगणात उभं राहून, त्यांच्याच देखत, पोपटाच्या नावानं सगळं बोलून घेता येतं. वर शिधाही मिळतो.

गाणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून गाणं कसं निघतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचं एक तयार उत्तर आपल्याला सिनेमानं शिकवून ठेवलंय: नायकाचं मन मोडतं, तो रात्रभर जागतो, पहाटे गाणं तयार. असं कधीच होत नाही असं नाही. पण छत्तीसगडातल्या गाण्यांकडे पाहिलं तर वेगळीच रीत दिसते. तिथे अनुभव गाण्यात येतो, भरभरून येतो, पण स्वतःच्या नावानं फार क्वचित येतो. कुणाची तरी आड घेऊन येतो. पोपटाची, द्रौपदीची, मातीच्या देहाची. ही आड लाजेपोटी घेतलेली असते असा माझा आधी समज होता. जसजशी उदाहरणं बघत गेलो तसतसं वाटू लागलं, की आड आहे म्हणूनच अनुभवाला तोंड फुटतं.

सुआ गीताची बांधणीच बघा. निम्म्या बायका ओळ म्हणतात, उरलेल्या निम्म्या तीच ओळ उचलतात. धृपद ठरलेलं, चाल ठरलेली. त्यामुळे पुढे गाणाऱ्या बाईला दर ओळीमागे दम मिळतो. बाकीच्या तिची ओळ परत म्हणत असतात तेवढ्यात तिला पुढची सुचते. जुनी ओळ आठवली तर जुनी, नाही तर स्वतःच्या घरातली. ती नवी ओळ लगेच दहा-पंधरा गळ्यांतून परत येते आणि तेवढ्यानंच तिची एकटीची राहत नाही. कुणी जाब विचारला तर सांगायला मोकळी: मी कुठे, गाणंच तसं आहे.

मराठी वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे जातं होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा फिरवायच्या, आणि 'सई बाई' म्हणून मैत्रिणीला, भावाला, नाही तर विठ्ठलाला उद्देशून ओवी सुरू व्हायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या. त्यात सासूचा जाच आहे, लेकीचं लग्न आहे, बाबासाहेब आंबेडकरही आहेत. बहिणाबाई चौधरींचं सगळं काव्य याच रीतीतून वर आलं. तरुणपणी आलेलं वैधव्य, शेत, जातं, चूल असं सगळं त्यांच्या गाण्यांत आहे. त्यांनी काही लिहिलं नाही, लिहिता येतच नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवलं आणि 1951 साली त्या गेल्यानंतर ते आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये पुस्तकरूपानं आलं.

आता रायपूरहून पश्चिमेला, भिलाईकडे जाऊ. भिलाईजवळच्या गनियारी गावात 1956 साली पारधी समाजातल्या एका घरात तीजनबाईंचा जन्म झाला. आईचे वडील ब्रिजलाल महाभारत गायचे, सबलसिंह चौहानांचं. नात ऐकून ऐकून पाठ करत गेली. बाराव्या वर्षी लग्न झालं. तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात पहिला जाहीर कार्यक्रम केला, बिदागी दहा रुपये. बाईनं पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची ही महाभारताची कथा, गावी, आणि तीही अशी, हे समाजाला मानवलं नाही. तिला वाळीत टाकलं. तिनं वेगळी झोपडी बांधली, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य उसनं आणून राहिली, आणि गाणं चालू ठेवलं. पहिलं लग्न मोडलं.

'तीही अशी' म्हणालो, ते उलगडून सांगायला हवं. पंडवानीच्या दोन शाखा मानतात. वेदमती गायक गुडघे दुमडून बसून गातो आणि पोथीला धरून राहतो. कापालिक गायक उभा राहतो, फिरतो, अभिनय करतो, आणि कथा आठवणीतून, त्या त्या रात्रीच्या जमावाप्रमाणे फुलवतो. बायका त्याआधी गात असतील तर बसून, वेदमती. उभं राहून गाणं हा पुरुषांचा मक्ता होता. तीजनबाई उभ्या राहिल्या.

त्यांचा कार्यक्रम पाहिलेल्यांना सांगायला नको, पण न पाहिलेल्यांसाठी सांगतो. मागे पेटी, तबला, ढोलक, मंजिरा घेऊन साथीदार बसलेले. त्यांच्यापैकी एक रागी. त्याचं काम हुंकार भरायचं, मध्येच 'मग काय झालं?' असं विचारायचं आणि कधी गावातली चालू भानगडही कथेत घुसवायचं. पुढे तीजनबाई, अंगावर छत्तीसगडी दागिने, एका हातात करताल, दुसऱ्या हातात मोरपिसं लावलेला तंबोरा. हा तंबोरा वाजतो कमी आणि बदलतो जास्त. क्षणात तो भीमाची गदा, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. दुःशासनवधाला पोचल्या की आवाज छातीतून, खर्जातून येतो, तंबोरा खांद्यावर चढतो, पाय आपटला जातो आणि पुढच्या रांगेतली पोरं आपोआप मागे सरकतात. मग अचानक सगळं थांबवून त्या साध्या बोलीत प्रेक्षकांशी बोलू लागतात. पद्य थांबतं, गप्पा सुरू होतात, रागी हुंकार भरतो, आणि पुन्हा तान.

गायिकेचा स्वतःचा अनुभव शिरतो तो या गप्पांच्या जागी. द्रौपदी, दुःशासन, भीम यांची कथा ठरलेली आहे. त्यात तीजनबाई काही बदलत नाहीत. पण कुठे थांबायचं, कुणाला किती वेळ द्यायचा, कुठल्या शब्दावर जीव ओतायचा, हे ठरवणं कापालिक गायकाच्या हातात असतं. द्रौपदीची विटंबना आणि दुःशासनाचा वध हे त्यांचे गाजलेले प्रसंग असावेत, यात मला तरी योगायोग वाटत नाही. भर सभेत, सगळे थोर लोक माना खाली घालून बसलेले असताना, एकट्या पडलेल्या बाईची गोष्ट जातीनं वाळीत टाकलेल्या बाईनं सांगायची, आणि मग गदा उचलून तिचा सूडही स्वतःच घ्यायचा. त्यांना कधी 'माझ्यावर असा अन्याय झाला' असं गाणं रचावं लागलं नाही. व्यासांनी ते आधीच रचून ठेवलं होतं.

अर्थात सगळं श्रेय दुःखाला देण्याची एक वाईट खोड आपल्या लेखनात आहे, ती इथे आवरायला हवी. वाळीत टाकलेल्या बायका पुष्कळ होत्या. तीजनबाई एकच झाल्या. आजोबांकडून ऐकलेली संहिता, रोजचा रियाज, गळ्याची ताकद आणि गर्दी वाचण्याची अक्कल यांच्याशिवाय नुसत्या अनुभवाला कुणी दहा रुपयेही दिले नसते. नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीरांच्या नजरेला त्या पडल्या. पुढे श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेतून घराघरांत पोचल्या. 1987 मध्ये पद्मश्री, 2003 मध्ये पद्मभूषण, 2019 मध्ये पद्मविभूषण. भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही होती.

हबीब तनवीर मूळचे रायपूरचेच, 1923 चा जन्म. पदवी मात्र नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. त्या काळी रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होतं आणि शिकायला पोरं इकडेच यायची. मुंबईत इप्टा ही नाट्यसंस्था, मग लंडनला नाट्यशिक्षण, मग युरोपभर भटकंती. 1958 मध्ये ते रायपूरला परतले, तेव्हा ज्या शाळेत शिकले होते तिच्याच मैदानावर रात्रभर चाललेला नाचा त्यांनी पाहिला. नाचा म्हणजे छत्तीसगडचं लोकनाट्य. पुरुषच बाईचं सोंग घेतात, एक-दोघे विदूषक, आणि अधूनमधून प्रहसन, ज्याला तिकडेही गम्मतच म्हणतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकानं आपली खडी गंमत डोळ्यांपुढे आणावी. घराणं जवळचंच आहे. तनवीर सहा नटांना घेऊन दिल्लीला गेले आणि 'मृच्छकटिक'वरून 'मिट्टी की गाड़ी' उभं केलं.

आणि गाडी अडली. एकेक नट असा, की गावात हजारोंचा जमाव खिशात घालायचा. दिल्लीच्या रंगमंचावर तोच लाकडासारखा उभा. कारण काय ते उमगायला तनवीरांना कित्येक वर्षं गेली, हे त्यांनीच पुढे मोकळेपणानं लिहून ठेवलंय. ते नटांना हिंदी बोलायला लावत होते आणि इंग्रजी पद्धतीनं कुठे उभं राहायचं, कधी वळायचं हे आखून देत होते. 1973 मध्ये रायपूरला महिनाभर नाचाचं शिबिर झालं. तिथे त्यांनी दोन्ही बंधनं काढून टाकली: छत्तीसगडी बोला, सुचेल तसं फिरा. त्यातून 'गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' निघालं, आणि दोन वर्षांनी 'चरणदास चोर', ज्याला 1982 मध्ये एडिनबर्गच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं.

माणूस तोच, अनुभव तोच, गळाही तोच, पण परक्या भाषेत त्यातला थेंब बाहेर येत नाही. मदनलाल, ठाकुरराम, लालूराम या नटांनी भूक पाहिली होती, सावकार पाहिला होता, पाटील-मालगुजार पाहिले होते. पण ते सगळं त्यांच्या अंगात छत्तीसगडी बोलीतच साठलेलं होतं, त्या बोलीच्या शिव्यांसकट आणि हेलासकट. हिंदीत त्यांना फक्त संवाद म्हणता येत होते.

तनवीरांची गाणीही अशीच जमली. काही शेतातून आणि लग्नघरातून आली, काही गंगाराम साखेत यांच्यासारख्या गावकवींनी लिहून दिली. साखेतांचं 'चोला माटी के राम' पुढे 2010 मध्ये 'पीपली लाइव्ह' या चित्रपटात हबीबसाहेबांच्या कन्या नगीन तनवीर यांच्या आवाजात आलं. देह मातीचा आहे, त्याचा काय भरवसा, असा त्याचा भाव. आपल्याकडच्या अभंगात शोभेल असा. पण कर्जापायी जीव द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या चित्रपटात ते गाणं आलं आणि त्यातल्या मातीला वेगळं वजन आलं.

लिहून, चाल लावून, नावानिशी रचलेल्या गाण्याचं काय? तिथे तरी कवी स्वतःविषयी बोलतो का? त्यासाठी 1971 च्या नोव्हेंबरात जावं लागेल. दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 'चंदैनी गोंदा' हा कार्यक्रम पहिल्यांदा केला. आडनाव देशमुख असलं तरी माणूस अस्सल छत्तीसगडी. दाऊ म्हणजे तिकडचा मोठा शेतकरी, गावचा मानकरी. छत्तीसगडच्या शेतकऱ्याचं आयुष्य गाण्यांतून उभं करायचं, अशी कल्पना. संगीत खुमानलाल साव यांचं, बरीचशी गाणी लक्ष्मण मस्तुरिया यांची. मस्तुरिया तेव्हा जेमतेम बाविशीचे. बिलासपूरजवळच्या मस्तूरी गावात जन्म, पुढे रायपूरच्या राजकुमार कॉलेजात शिक्षक. ते कॉलेज संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेलं, आणि तिथे शिकवणारा हा कवी पडलेल्या-झडलेल्यांना, थकलेल्यांना 'माझ्याबरोबर चला' म्हणून साद घालत होता. 'मोर संग चलव रे' हे त्यांचं गाणं छत्तीसगडात आजही सभेपासून लग्नापर्यंत कुठेही वाजतं.

या गाण्यात 'मी' आहे. पण तो 'मी' कोण? खेड्यातून शहरात आलेला एक तरुण, ज्यानं दुष्काळ आणि गाव सोडून जाणारी कुटुंबं पाहिली असणार, त्याचाच तो आवाज आहे. तरीही ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःचा वाटतो, कारण त्यात मस्तुरियांच्या घरचा पत्ता कुठेही नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड रचली तेव्हा हेच केलं होतं. वाटेगाव सोडून मुंबईला आलेल्या अण्णा भाऊंना ताटातुटीचं दुःख कुणी शिकवायला नको होतं. पण गाणं पुढे सरकतं तशी ती गावावर राहिलेली बाई संयुक्त महाराष्ट्रातून बाहेर राहिलेला मुलूख होऊन जाते. पोटासाठी आलेल्या एकट्या गिरणी कामगाराचं रडगाणं बघता बघता चळवळीचं गाणं होतं.

मस्तुरिया, साव या छत्तीसगडी मंडळींना घराघरांत पोचवलं ते आकाशवाणीनं. रायपूर केंद्र 1963 मध्ये सुरू झालं आणि छत्तीसगडी लोकगीतांना पहिल्यांदा ठरलेली वेळ मिळाली. ममता चंद्राकर या पुढे पद्मश्री मिळालेल्या गायिकेनंही या केंद्रात नोकरी केली. त्यांचे वडील दाऊ महासिंग चंद्राकर यांनी 'चंदैनी गोंदा'च्या पाठोपाठ 'सोनहा बिहान' काढलं होतं. घरचंच गाणं, पण शिक्षण खैरागडच्या संगीत विद्यापीठात.

शास्त्रीय संगीतवाले म्हणतील, हे शब्दप्रधान गाण्यांचं झालं. आमच्याकडे बंदिशीत चार शब्द, त्यात आयुष्य कुठून येणार? त्यांच्यासाठी एकच नाव पुरे. कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन 1948 मध्ये देवासला आले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद, अंथरुणावर. बाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी त्या धुनांतून नवे राग बांधले, त्यांना 'धुनउगम' म्हटलं, आणि 1965 मध्ये 'अनूपरागविलास' प्रसिद्ध केलं. त्यात आजाराविषयी अवाक्षर नाही. पण अंथरुणावर पडून ऐकायला लागलं नसतं तर ते राग जन्मले नसते. त्यांच्या छोट्या-छोट्या, झटक्यात येणाऱ्या ताना फुप्फुसाच्या दुखण्यामुळे आल्या असंही सांगितलं जातं. हे मला अर्धंच पटतं. दुखण्यानं दम कमी केला असेल; त्या कमी दमाचं काय करायचं ते कुमारांनी ठरवलं.

आड घेऊन गायलेल्या गाण्याला एक धोका असतो, तोही सांगायला हवा. गाणं सगळ्यांचं झालं की मूळचं कुणाचं हे कुणी विचारत नाही. 2009 मध्ये 'दिल्ली-6' आला आणि 'ससुराल गेंदा फूल' देशभर वाजलं. मुळात ते छत्तीसगडचं लोकगीत, सासरच्या माणसांच्या कुरबुरी हसत-खेळत सांगणाऱ्या नव्या नवरीचं. रायपूरच्या जोशी भगिनींनी ते चित्रपटाच्या कितीतरी आधी गायलं होतं. चित्रपटात शब्द प्रसून जोशींचे झाले, संगीत ए. आर. रहमान यांच्या नावावर राहिलं, आवाज रेखा भारद्वाज यांचा. गाणं फर्मास झालं, यात शंका नाही. पण ज्या कुणा सुनेनं सासूवरची पहिली ओळ रचली, तिचं नाव आता कुठल्याच यादीत सापडणार नाही. छत्तीसगडात यावर नाराजी उमटली, आणि ती रास्त होती. लोकगीत म्हणजे बेवारस माल, हा समज चित्रपटवाल्यांपुरताच नाही. आपणही 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे होतो.

राईरकर-पॉइतवाँ यांच्या संग्रहात हे टाळलंय. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. तुमच्या घरात ओवी, पाळणा, भोंडल्याचं किंवा लग्नातलं गाणं म्हणणारं कुणी असेल, तर ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. नुसतं गाणं नको. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, माहेरचं गाव आणि हे गाणं कुणाकडून ऐकलं ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. आणि यातली कुठली ओळ तुमची, हे विचारायला विसरू नका. बहुतेक जणी आधी 'माझी कुठली?' म्हणतील. थोडं थांबून पुन्हा विचारा.